गळतीचा माग

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. जुन्या, वापरलेल्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनातून तेलाची बारीकशी गळती होत असेल, तर ती कशी शोधावी आणि कशी थांबवावी, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्या दारात फार तर ट्रॅक्टर नाहीतर फटफटी. दोघांनी बसायच्या, बिनटपाच्या मोटारीशी आमचे काय देणे-घेणे?" शंका रास्त आहे. म्हणून तिचे उत्तर आधी देतो आणि मग पुढे जातो.

ज्या मोटारीची हकिगत मी सांगणार आहे ती एमजीए नावाची. इंग्लंडात ॲबिंग्डन या गावी १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या. बुटकी, लांब नाकाची, रस्त्याला चिकटून पळणारी गाडी. पण तिचे बॉनेट उघडले की आत जे इंजिन दिसते ते आपल्या ओळखीचे निघते. सुरुवातीच्या एमजीएला १४८९ सीसीचे इंजिन होते. आपल्या ॲम्बॅसिडर मोटारीला १९५९ सालापासून जे पेट्रोल इंजिन कित्येक वर्षे बसत होते, तेही १४८९ सीसीचे आणि त्याच घराण्यातले. एकाला दोन कार्बुरेटर, दुसऱ्याला एक. एकाची चाल घोड्याची, दुसऱ्याची बैलाची. पण रक्त एकच. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसिडर तयार होणे २०१४ साली थांबले, तरी तिच्यातून वऱ्हाडाला गेलेली आणि दवाखान्यात नेलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. तेव्हा या परदेशी पाहुणीला परके समजू नका. शिवाय गळती शोधण्याची जी रीत सांगणार आहे ती विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही तितकीच लागू पडते.

माझे एक स्नेही कराडला असतात. साखर कारखान्यात रसायनज्ञ म्हणून त्यांची उभी हयात गेली. त्यांना तरुणपणापासून अशा गाडीची हौस. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांकडून त्यांनी एक जुनी एमजीए विकत घेतली. आठ-नऊ वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टायर बसलेले, गादीत उंदरांनी संसार मांडलेला. पण इंजिन फिरत होते. स्नेह्यांनी हळूहळू एकेक गोष्ट ठीक करून घेतली. शेवटी क्लच राहिला होता. या गाडीचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढावे लागते. ते काम गावातल्या एका मिस्त्रींकडे दिले. मिस्त्रींच्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. दहावी झाली आणि घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली, असा. इंजिन काढण्याचे, धुण्याचे, पुन्हा बसवण्याचे बरेचसे काम त्याच्याच हातून झाले.

गाडी घरी आली. दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. स्नेह्यांनी मिस्त्रींना बोलावले, मलाही बोलावले. आम्ही तिघे खाली वाकून पाहू लागलो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचचे जे घर असते, त्याच्या तळाला एक भोक आहे आणि त्यात एक स्प्लिट पिन लोंबत असते. भोक चिखलाने बुजू नये म्हणून ती तिथे मुद्दाम ठेवलेली असते. त्या पिनेच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता.

मिस्त्रींनी लगेच निदान केले. "मागून गळतंय साहेब. क्लच बसवताना पोरानं घोळ घातला. इंजिन परत उतरवावं लागणार." पोरगा बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "मागं मी काही खोललंच नव्हतं. इंजिन खाली होतं तेव्हा मागची बाजू कोरडी होती." त्याचे कुणी ऐकले नाही. पुन्हा इंजिन उतरवण्याची मजुरी त्याच्या पगारातून कापायची आणि सोमवारपासून त्याने कामावर येऊ नये, असे मिस्त्रींनी तिथल्या तिथे सांगून टाकले. स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. श्रोतेहो, मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

कारण आम्ही तिघांनी कोणता न्याय लावला होता? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असे म्हणायचे. जुन्या ग्रंथांत याला काकतालीय न्याय म्हणतात. आधी क्लच बदलला, नंतर गळती दिसली, म्हणून क्लच बदलल्यामुळे गळती लागली. वर्गात मी हा दोष फळ्यावर लिहून दाखवतो. अंगणात मात्र मला तो दिसला नाही.

मिस्त्रींचा संशय अगदीच वावगा होता असे मात्र नाही. या इंजिनाची घडण समजून घेतली म्हणजे ते ध्यानात येईल. इंजिनातला मुख्य दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो मागच्या बाजूने क्लचकडे बाहेर येतो. आजच्या गाड्यांत तिथे रबराचे सील असते. या जुन्या इंजिनात तसले सीलच नाही. दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. दांडा फिरला की हे आटे बाहेर येऊ पाहणारे तेल मागे, इंजिनाच्या पोटात ढकलतात. युक्ती चांगली आहे, पण इंजिन बंद पडले की दांडा थांबतो आणि ढकलणाराही थांबतो. म्हणून अशा गाड्यांच्या मागच्या अंगाला एखादा थेंब पडणे हे त्यांच्या जन्माबरोबरच आलेले असते. तेव्हा तिथे थेंब दिसला की संशय मागच्या बाजूवर जातो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

त्या रात्री साडेआठच्या सुमारास पोरगा माझ्या दारात उभा राहिला. आत यायला तयार होईना. म्हणाला, "सर, मला परत कामावर घ्या असं नाही म्हणत मी. फक्त इंजिन उतरवायच्या आधी एकदा ते धुऊन बघू द्या. थेंब कुठनं येतोय ते तर दिसू द्या." मागणी इतकी साधी होती की मला उत्तर सुचले नाही. रविवारी सकाळी आम्ही स्नेह्यांच्या अंगणात जमलो. पोरग्याने सोबत रॉकेलचा डबा, एक जुना ब्रश, चिंध्या आणि तोंडाला लावायच्या पावडरचा एक डबा आणला होता. त्याने जे केले, तेच आता तुम्हाला क्रमाने सांगतो. लिहून घेतलेत तरी हरकत नाही.

पहिली गोष्ट, गळते ते काय आहे हे ठरवा. गाडीखाली रात्री एक पांढरा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा. सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळते. मग डाग बोटाला लावून पाहा. पाणी असेल तर बोट बुळबुळीत होत नाही. ब्रेकचे किंवा क्लचचे तेल पातळ, फिकट असते आणि रंगाची पुटे काढते. एमजीएच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच तेल घालण्याची पद्धत आहे, म्हणून वासावरून दोन्हींत फरक कळणार नाही. पण इंजिनातले तेल काजळीने लवकर काळे होते आणि गिअरबॉक्समधले बराच काळ स्वच्छ राहते. आमच्या पुठ्ठ्यावरचा डाग काळाकुट्ट होता. म्हणजे तेल इंजिनाचे, हे नक्की झाले.

दुसरी गोष्ट, गळती किती आहे हे मोजा. इंजिनाच्या तेलाची पट्टी दर आठवड्याला गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना पाहा आणि वहीत लिहा. त्यासोबत किती किलोमीटर गाडी चालली तेही लिहा. पट्टीवरची खूण महिनाभरात केसभरच उतरत असेल तर गळती किरकोळ आहे आणि तुम्हाला सवडीने शोध घेता येईल. पण तेलाच्या दाबाचा काटा खाली येऊ लागला, क्लच घसरू लागला किंवा तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तेल पडून धूर येऊ लागला, तर गाडी तिथेच थांबवा. तो सवडीचा विषय नव्हे.

तिसरी गोष्ट, इंजिन स्वच्छ करा. पुष्कळ माणसे हीच पायरी गाळतात. ओल्या, मळक्या इंजिनात गळती शोधणे म्हणजे धुळवडीच्या दिवशी कुणाच्या अंगावर पहिला रंग कुणी टाकला हे शोधण्यासारखे आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची वायर काढा. कार्बुरेटरची तोंडे आणि डिस्ट्रिब्यूटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन वरपासून खालपर्यंत सारे धुऊन काढा, चिंधीने पुसा आणि रॉकेलचा वास जाईपर्यंत उन्हात सुकू द्या. जवळ विडी-काडी नको. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. सपाट, घट्ट जमिनीवर भक्कम घोड्या लावा आणि मगच खाली शिरा. जॅक घसरून जीव गेलेली माणसे थोडी नाहीत.

चौथी गोष्ट, पावडर मारा. जिथे जिथे दोन भाग एकमेकांना जोडले आहेत, तिथे तिथे अंगाला लावायची पांढरी पावडर फुंकरीने पसरा. खडूची बारीक भुकटीही चालेल. मग पिशव्या काढा, वायर जोडा, उघड्या जागेत इंजिन सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटे जाग्यावरच चालू द्या. गाडी रस्त्यावर नेऊ नका. रस्त्याचा वारा तेल मागे उडवतो आणि सगळीकडे पसरवतो.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पाहायचे ते खालून वर पाहू नका, वरून खाली पाहा. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते, कडेकडेने वाट काढते आणि जिथे पुढे जायला जागा उरत नाही तिथे थेंब होऊन पडते. घराच्या भिंतीला ओल दिसते एका जागी आणि कौल फुटलेले असते भलत्याच जागी, हे पावसाळ्यात आपण सगळेच पाहतो. तेव्हा सगळ्यांत उंच अशी ओली जागा कोणती, ती शोधायची. थेंब पडतो ती जागा म्हणजे गळतीचा शेवट. आपल्याला हवी असते तिची सुरुवात.

पंधरा मिनिटांनी पोरग्याने इंजिन बंद केले आणि विजेरी घेऊन डाव्या बाजूने आत डोकावला. या घराण्यातल्या इंजिनाच्या डाव्या कुशीला, सायलेन्सरच्या नळ्यांच्या मागे दडलेली, पत्र्याची दोन चपटी झाकणे असतात. मागचे झाकण आणि इंजिनाचे लोखंड यांच्या सांध्यातून एक काळी रेघ निघाली होती. पांढऱ्या पावडरीवर ती शाईने ओढल्यासारखी दिसत होती. ती खाली उतरली होती, इंजिनाच्या कडेने मागे वळली होती आणि क्लचच्या घराला वळसा घालून थेट त्या स्प्लिट पिनेशी पोचली होती. घराच्या वरच्या अंगाला मात्र पावडर जशीच्या तशी पांढरी होती, आणि भोकातून आत विजेरी मारली तर आतली बाजू कोरडी. मागचा दांडा बिचारा निर्दोष होता.

पोरग्याने झाकणाच्या मधल्या बोल्टला पाना लावून पाहिला. बोल्ट सैल नव्हता, उलट जास्तच आवळलेला होता. प्रत्येक झाकणाला मधोमध हा एकच बोल्ट असतो. तो गरजेपेक्षा जास्त आवळला की पत्रा मध्ये दबतो आणि कडा बशीसारख्या वर उचलतात. आवळावे तितकी गळती वाढते. पोरगा हळूच म्हणाला, "हा बोल्ट आम्ही एवढा आवळला नव्हता. नंतर कुणीतरी फिरवलाय."

फिरवला होता मी. क्लच बसल्यानंतर आठव्या दिवशी मी स्नेह्यांकडे गेलो होतो. त्या झाकणाच्या कडेला थोडा ओलावा दिसत होता. स्नेही आत चहा सांगायला गेले तेवढ्यात मी पाना उचलला आणि अंगात होता तेवढा जोर लावून बोल्ट दीड फेरा फिरवला. घट्ट म्हणजे पक्के, अशी माझी समजूत. मग आम्ही चहा घेतला आणि मी ती गोष्ट विसरूनही गेलो. क्लचनंतर अकराव्या दिवशी गळती दिसली, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिले. आठव्या दिवशी काय झाले, ते मात्र ज्याला ठाऊक होते तो मान डोलावत उभा होता. मी ते त्याच क्षणी सर्वांना सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला, हे कबूल करतो.

पण पोरग्याचे समाधान झाले नव्हते. तो म्हणाला, "सर, तुम्ही आवळायच्या आधीच तिथं ओलावा होता ना? तो कशानं?" प्रश्न चोख होता. इंजिन चालताना सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली, इंजिनाच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर पोटात दाब वाढतो आणि भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उचलावे, तसे तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलले जाते. एमजीएत ही वाट म्हणजे पुढच्या कुशीच्या झाकणातून निघून खाली लोंबणारी एक नळी. इंजिनाच्या वरच्या झाकणालाही एक नळी असते, पण आधीच्या मालकाने हवेच्या जाळ्या बदलताना ती रबरी बूच घालून बंद केली होती. पोरग्याने खालच्या नळीत तार घातली. वीतभर आत तार अडली. खरवडल्यावर आतून मातीचे ढेकूळ पडले. ते कुंभारीण माशीचे घर होते. गाडी शेडमध्ये उभी असताना तिने तिथे संसार थाटला होता. मधे पेन्सिलीतल्या शिशाएवढी वाट उरली होती, तेवढ्यावर इंजिन कसेबसे श्वास घेत होते.

म्हणजे कारणांची साखळी अशी झाली. माशीने नळी बुजवली, दाब वाढला, झाकणाचे जुने गॅस्केट झिरपू लागले, मी बोल्ट आवळून झाकण वाकवले, आणि झिरप्याची गळती झाली. शिक्षा मात्र पोरग्याच्या पदरी पडत होती.

आता दुरुस्ती. ती महागडी नाही, पण सावकाशीने करण्याची आहे. इंजिन गार असताना बॅटरीची वायर सोडवा. कार्बुरेटर आणि त्यामागचा सायलेन्सरचा मॅनिफोल्ड काढा, म्हणजे दोन्ही झाकणे उघडी पडतात. मॅनिफोल्डचे गॅस्केट परत बसवताना नवे लागते, ते आधीच आणून ठेवा. मग मधला बोल्ट काढून झाकण अलगद सोडवा. जुने गॅस्केट कॉर्कचे, म्हणजे बाटलीच्या बुचाच्या जातीचे असते. वयाने ते कडक होऊन तुटते. उघड्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबा, म्हणजे तुकडे आत पडणार नाहीत. लोखंडावरचे अवशेष लाकडी पट्टीने खरवडा. छिन्नी किंवा कानस वापरू नका. एक ओरखडा राहिला तर तीच तेलाची नवी वाट.

झाकण काचेच्या तुकड्यावर पालथे ठेवून पाहा. कडा कुठे डुगडुगत असेल तर लाकडी ठोकळ्यावर धरून, लहान हातोडीने हलके ठोकत सपाट करा. मग नवे कॉर्क गॅस्केट चिकटद्रव्याने फक्त झाकणाला चिकटवा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. इंजिनाकडची बाजू चिकटवू नका. तिला ग्रीसचे बोट पुसा, म्हणजे पुढच्या वेळी झाकण न फाटता सुटेल. बोल्टखालचा वायसरही नवा घाला, कारण तिथूनही तेल झिरपते. कोंबलेली चिंधी काढायला विसरू नका.

आणि आता बोल्ट. याच घराण्यातल्या एमजीबीच्या कारखानी पुस्तकात कुशीच्या झाकणाच्या बोल्टला २ फूट-पौंड एवढाच जोर सांगितलेला आहे. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला २ पौंडांचे, सुमारे ९०० ग्रॅमचे, वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा. एमजीएच्या सिलिंडर-हेडच्या नटांना ५० फूट-पौंड लागतात. त्याच इंजिनातल्या दोन सांध्यांत एवढा फरक. सांधा जाणल्याशिवाय जोर लावू नये, हे मी त्या दिवशी दोन बोटांत पाना धरून शिकलो. गॅस्केट किंचित दबले की थांबायचे.

शेवटी ब्रीदरची नळी आतून रॉकेलने धुऊन मोकळी केली. वरच्या झाकणाचे बूच काढून ती वाट हवेच्या जाळीला पुन्हा जोडली. पुन्हा पावडर मारून इंजिन चालवले. पावडर पांढरीच राहिली. पुढे दोनशे किलोमीटर गाडी फिरली, पुठ्ठा कोरडा होता. अजूनही दोन-तीन आठवड्यांनी त्या मागच्या आट्यांतून एखादा थेंब येतो. तो जुन्या गाडीचा स्वभाव आहे, असे समजून आम्ही त्याला सोडून देतो. प्रत्येक थेंबामागे पाना घेऊन धावू नये, हेही शहाणपणच.

एक सूचना विसरलो. धुतलेले रॉकेल आणि सांडलेले तेल जमिनीवर किंवा नाल्यात ओतू नका. ते झिरपत विहिरीला जाऊन मिळते. डब्यात साठवा आणि जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

सोमवारी सकाळी स्नेही आणि मी मिस्त्रींकडे गेलो. मी झालेले सगळे सांगितले, बोल्ट कुणी आवळला तेही. मिस्त्री काही वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमच्या हाती पाना द्यायचा नाही, एवढं आता कळलं." आम्ही हसलो. ते पोरग्याकडे वळले आणि त्यांनी त्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा टाकला. "शेड उघड. आज दोन गाड्या आहेत." एवढेच. पगार कापला गेला नाही. पोरग्याने जाता जाता माझ्याकडे पाहून मान डोलावली. माझ्या मानेपेक्षा ती मान कितीतरी सरळ होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. शाळेजवळ कुणाचे डिझेल इंजिन असेल आणि ते गळत असेल, तर मालकाची परवानगी घेऊन मुलांना तिथे न्या. इंजिन बंद आणि गार असताना पुसू द्या, पावडर मारू द्या. चालू इंजिनापाशी आणि फिरत्या पट्ट्यापाशी मात्र मोठ्या माणसानेच जावे, मुलांनी लांबून पाहावे. मग प्रत्येकाला आधी आपला अंदाज वहीत लिहायला सांगा आणि नंतर रेघ दाखवा. निरीक्षण म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय आणि आरोप म्हणजे काय, हे तासभर शिकवून समजणार नाही ते त्या एका काळ्या रेघेने समजेल.

आणि शेतकरी बंधूंनो, उद्या तुमच्या पंपाखाली तेलाचा डाग दिसला, तर ज्याने काल पंपाला हात लावला त्याला हाका मारण्याआधी एक चिंधी घ्या आणि इंजिन पुसा. तेल कुठून येते ते तेलच सांगते. फक्त त्याला स्वच्छ जागा आणि आपल्याला पंधरा मिनिटांचा धीर हवा.